किनाऱ्यापुरती सोय

बॉनेटच्या बाजूने निघून काचेच्या कडेने छतापर्यंत गेलेली काळी नळी आता महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर नवी राहिलेली नाही. पावसाळ्यात सह्याद्रीकडे निघालेल्या जीपगाड्यांच्या ताफ्यात अशा दोन-चार गाड्या असतातच. या नळीला स्नॉर्केल म्हणतात. ती लावली की गाडी खोल पाण्यातून जाऊ शकते, असा समज तिच्यासोबत घरोघर पोहोचला आहे. हा समज कुठून आला हे पाहायचे तर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे मागे, दुसऱ्या महायुद्धाच्या किनाऱ्यांवर जावे लागते. तिथला पुरावा पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे, की खोल पाण्यातून गाडी नेणे ही एका ठरावीक कामासाठी, जहाज आणि वाळू यांच्यातल्या थोड्याशा पाण्यासाठी केलेली तात्पुरती सोय होती. ती करणाऱ्या सैन्यांना तिच्या मर्यादा पक्क्या ठाऊक होत्या आणि काम संपल्यावर त्यांनी ती आवरतीही घेतली. हौसेच्या जगात आली ती त्यातली नळी. तिच्याभोवतीची तयारी, मोजमाप आणि माघारीची व्यवस्था मागेच राहिली.

आधी पाणी गाडीचे नेमके काय करते ते पाहू, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावरच उभा आहे. पेट्रोल इंजिनाचा पहिला शत्रू म्हणजे ओल. डिस्ट्रिब्युटरची टोपी किंवा प्लगच्या वायरी भिजल्या की ठिणगी भलत्याच वाटेने जाते आणि इंजिन बंद पडते. हे दुखणे त्यातल्या त्यात सौम्य. पुसून वाळवले की गाडी पुन्हा चालू होते. खरा घात होतो तो हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरल्यावर. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन पाण्यावर अडतो, क्रँक मात्र खालून रेटतच असतो, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. इंजिनाने पाणी ओढले, असे गॅरेजमध्ये म्हणतात ते हेच. डिझेलला ठिणगी लागत नाही म्हणून पाण्यात डिझेल बरे, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा फारच थोडी असते, त्यामुळे तिथे थोडे पाणीही रॉड वाकवायला पुरते. शिवाय पाण्यात फिरणाऱ्या पंख्याची पाती वाकून रेडिएटरमध्ये घुसतात. सगळ्यात छुपे नुकसान ॲक्सलचे होते. चालून तापलेला ॲक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत खेचले जाते. ऑइल दुधाळ होते, बेअरिंगे गंजू लागतात, आणि चालकाला त्याचा पत्ता लागतो तो काही आठवड्यांनी गाडी घरघरायला लागल्यावर. छतावर तोंड असलेली नळी यातला एकच धोका टाळते.

सैन्यांना हे सगळे लवकर कळले. १९४०च्या उन्हाळ्यात ब्रिटनवर चढाई करण्याच्या तयारीत जर्मनांनी काही पँझर रणगाडे समुद्राच्या तळावरून चालवण्यासाठी तयार केले. बुरुज जिथे फिरतो ती फट फुगवलेल्या रबरी नळीने बंद केली, तोफेच्या तोंडाशी आणि झडपांवर रबराची आवरणे चढवली, धूर बाहेर सोडणाऱ्या वाटेवर एकदिशा व्हॉल्व्ह बसवले, आणि हवेसाठी १८ मीटर लांबीची लवचीक नळी वर तरंगणाऱ्या बोयेला बांधली. १५ मीटर खोलीपर्यंत हा रणगाडा जाऊ शकेल असा हिशेब होता. आतल्या माणसांना बाहेरचे काही दिसत नसे, दिशा रेडिओवरून सांगावी लागे, आणि तळावर थांबायची सोय नव्हती, कारण थांबलेला रणगाडा गाळात रुतला असता. ब्रिटनवरची ती चढाई झालीच नाही. हे रणगाडे पुढे २२ जून १९४१ रोजी रशियावरच्या आक्रमणाच्या पहिल्याच दिवशी बूग नदी पार करायला वापरले गेले, तेही लांब लवचीक नळी काढून, आखूड लोखंडी नळकांडे लावून. समुद्रासाठी केलेली तयारी एका नदीसाठी, एका पहाटेसाठी उपयोगी पडली. युद्धाच्या पुढच्या काळात जर्मन चिलखती दळांनी हा प्रकार नित्याचा केला नाही. नद्यांवर ते पूल आणि तराफेच वापरत राहिले.

१९ ऑगस्ट १९४२चा दिएपवरचा छापा मला या विषयात सर्वांत बोलका वाटतो. फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावर कॅनेडियन तुकडीचे चर्चिल रणगाडे उतरले. त्यांच्या इंजिनांच्या हवेच्या आणि धुराच्या वाटांवर उंच पेट्यांसारखी नळकांडी बसवली होती. किनाऱ्यासाठी निघालेल्या २९ रणगाड्यांपैकी दोनच खोल पाण्यात बुडाले, २७ किनाऱ्याला लागले. म्हणजे पाण्यापुरती तयारी चांगलीच उतरली. पुढे मात्र गोटे होते. त्या किनाऱ्यावरच्या कठीण, गोल, सरकत्या दगडांत साखळ्या रुतल्या, तुटल्या, आणि समुद्राची भिंत ओलांडून पुढे गेले ते पंधराच. तेही शहराच्या तोंडाशी अडले आणि त्यांतला एकही ब्रिटनला परत आला नाही. पाणी ओलांडण्याचा विचार करताना माणूस पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघतो, खोली विचारतो, आणि तळ काय आहे हे विचारायचे राहून जाते. दिएपने हा प्रश्न मोठी किंमत घेऊन विचारायला लावला. पुढे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या चढाईची योजना करताना किनाऱ्यावरची वाळू किती भार सोसेल हे पाहण्यासाठी पाणबुडे रात्री पोहत जाऊन तिचे नमुने घेऊन आले, ते याच काळजीपोटी.

नॉर्मंडीसाठी ब्रिटनमध्ये गाड्यांवर जे काम झाले त्याचे तपशील पाहिले की 'पाण्यातून चालणारी गाडी' ही कल्पनाच बदलते. जीप तिच्या मूळ रूपात साधारण दीड फूट पाण्याची गाडी होती. तिला त्याहून खोल पाण्यात उतरवायचे तर डिस्ट्रिब्युटर, कॉइल, प्लग, डायनॅमो, ऑइल घालायचे तोंड, डिपस्टिकचे भोक, सगळे ग्रीस आणि ॲस्बेस्टॉसच्या घट्ट लगद्याने हाताने लिंपावे लागे. हवेसाठी आणि धुरासाठी नळ्या उभ्या करायच्या. गिअरबॉक्स आणि ॲक्सलची श्वासाची भोके बुजवायची. हे काम एका दिवसात उरकत नसे. ते टप्प्याटप्प्याने चाले आणि शेवटचा टप्पा जहाजावर चढण्याच्या तोंडावर केला जाई. कारण उघड होते. सगळी भोके बुजवलेली गाडी जमिनीवर धड चालत नाही, ती तापते, तिचे इंजिन घुसमटते. म्हणून किनाऱ्यावर पोहोचताच पहिले काम म्हणजे हे लिंपण खरवडून काढणे. गाडीला पाण्याजोगी करणे म्हणजे तिला काही काळ रस्त्यासाठी अपंग करणे, हे त्या कारागिरांना रोजच्या कामातून माहीत होते. बुडणाऱ्या गाड्यांचीही सोय आधीच केलेली होती. ब्रिटिशांनी शर्मन रणगाड्याचा बुरुज काढून त्याजागी नावेसारखे उंच चिलखत बसवले आणि सुमारे नऊ फूट पाण्यात उभी राहू शकणारी ओढगाडी तयार केली. ती लढत नसे. बंद पडलेल्या गाड्यांना ओढून बाहेर काढणे किंवा वाटेतून बाजूला ढकलणे एवढेच तिचे काम, आणि तिच्या चमूत पाण्याखाली जाऊन दोर अडकवणारा एक पाणबुड्या असे. इतकी तयारी करूनही काही गाड्या बुडणारच, हे गृहीत धरूनच योजना आखली गेली होती.

या युद्धकालीन शिक्षणाचा एक धागा पुण्याजवळही येतो. खडकवासल्याच्या जलाशयावर त्या काळात दोस्त सैन्याच्या तुकड्यांना जहाजातून किनाऱ्यावर उतरण्याचे शिक्षण दिले जाई, आणि त्यासाठी उत्तर काठावर एचएमएस अँगोस्टुरा नावाचे नकली जहाज उभारले होते. पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी हीच जागा निवडताना या पूर्वेतिहासाचाही विचार झाला. पाण्यातून बाहेर पडणे ही आधी कोरड्यावर शंभरदा गिरवायची गोष्ट आहे, अशी त्या पिढीची धारणा होती.

तळावरून चालण्याऐवजी गाडी तरंगवावी, हा दुसरा मार्गही त्याच युद्धात तपासला गेला. हंगेरीत जन्मलेले अभियंते निकोलस स्ट्राउसलर यांनी शर्मन रणगाड्याभोवती कापडी पडदा उभारून त्याला तरंगते केले. पडदा ज्या लाटांसाठी बेतला होता त्या फूटभर उंचीच्या होत्या. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यासमोर समुद्र कितीतरी अधिक खवळलेला होता. तिथे अमेरिकेच्या ७४१व्या रणगाडा बटालियनचे २९ तरंगते रणगाडे किनाऱ्यापासून काही मैलांवर पाण्यात सोडले गेले आणि त्यांतले २७ बुडाले. शेजारच्या ७४३व्या बटालियनचे रणगाडे उतरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी लाटा पाहिल्या आणि थेट वाळूपर्यंत बोटी नेल्या; त्यांचे बहुतेक रणगाडे शाबूत उतरले. यंत्र दोघांचे एकच होते. फरक पडला तो पाणी पाहून बेत बदलण्याने.

फोर्डने बनवलेल्या तरंगत्या जीपची गत याहून वेगळी नव्हती. १२ हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या, पण ठरल्यापेक्षा वजन बरेच वाढले आणि पाण्याच्या वर राहणारी कड इतकी कमी उरली की थोड्याशा लाटेनेही पाणी आत येई. बऱ्याच गाड्या मग सोव्हिएत संघाला गेल्या, आणि तिथल्या शांत नद्यांवर त्या उपयोगी ठरल्या. याउलट अडीच-टनी ट्रकवर बेतलेली डीयूकेडब्ल्यू ही गाडी यशस्वी झाली. तिच्या रचनेत नौकाबांधणीतले जाणकार रॉड स्टीव्हन्स यांचा हात होता, तिला पाण्यात पुढे ढकलणारा पंखा होता, पाणी उपसणारे जोरदार पंप होते आणि वाळूवर येताना टायरची हवा कमी करण्याची सोय होती. तशा सुमारे २१ हजार गाड्या बनल्या. डीयूकेडब्ल्यू बनवणाऱ्यांनी पाण्यात जाणारी वस्तू नावच असली पाहिजे हे आधी मान्य केले आणि मग तिला चाके दिली. तरंगत्या जीपने जग ओलांडणारा माणूसही झाला, तो अपवाद म्हणून नोंदवायला हवा. ऑस्ट्रेलियाचे बेन कार्लिन यांना १९४६मध्ये बंगालमधल्या कलाईकुंडा विमानतळावर अशी एक जीप दिसली. पुढे तशीच एक जीप घेऊन त्यांनी १९५०मध्ये हॅलिफॅक्सहून अटलांटिक ओलांडायला सुरुवात केली आणि १९५८मध्ये माँट्रियलला पृथ्वीप्रदक्षिणा संपवली. पण निघण्यापूर्वी त्यांनी त्या जीपला बंद केबिन आणि जादा इंधनटाक्या जोडून तिची जवळजवळ नौकाच केली होती.

माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार युद्धानंतरच्या काळातून मिळतो. युद्धात लिंपण्यात इतके मनुष्यबळ गेले की ब्रिटिश लष्कराने ठरवले, आता गाडीच जन्मतः पाणबंद असावी. त्यातून ऑस्टिन चॅम्प आली. रोल्स-रॉइसचे चार सिलिंडरचे इंजिन, पूर्ण सीलबंद विद्युतव्यवस्था, पुढे आणि मागे दोन्हीकडे पाच गिअर, आणि बाजूला आडवी ठेवलेली, हवी तेव्हा उभी करायची नळी. सुमारे सहा फूट पाण्यातून ही गाडी जाऊ शके. अभियांत्रिकी म्हणून चॅम्पचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. पण ती जड होती, दुरुस्तीला अवघड होती आणि तिच्या किमतीत जवळजवळ दोन लँड रोव्हर आल्या असत्या. लँड रोव्हर १९४८मध्ये शेतकऱ्यांसाठी निघालेली साधी गाडी, सीलबंद वगैरे काही नाही. काही हजार चॅम्प घेतल्यावर १९५६च्या सुमारास लष्कराने लँड रोव्हरच पत्करली. शेकडो दिवस कोरड्यावर धावणाऱ्या गाडीत एखाद्या दिवसाच्या खोल पाण्याचा खर्च कायमचा का बांधायचा, या प्रश्नावर चॅम्प हरली. ज्या लष्कराने ही कला घडवली त्यानेच तिला सर्वसाधारण गाडीतून वजा केले. युद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत १९४७पासून विलीस जीप जोडायला सुरुवात केली, त्या जीपही साध्या होत्या. भारतात जीपची जी परंपरा रुजली ती शेतातली, सर्वेक्षणाची आणि निवडणूक दौऱ्यांची, खोल पाण्याची नव्हे.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे: मग मोहिमांचे काय? कॅमल ट्रॉफीच्या पिवळ्या गाड्या बॉनेटपर्यंतच्या पाण्यातून गेल्याची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली आहेत. १९८०मध्ये ॲमेझॉनच्या रस्त्यावर सुरू होऊन दोन दशके चाललेल्या या स्पर्धेनेच नळीला प्रतिष्ठा दिली हे खरेच. पण त्या छायाचित्रांत गाडीपुढे कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली माणसेही असतात, विंचचा दोर आधीच पलीकडच्या झाडाला लावलेला असतो, आणि जिथे पाणी त्याहून खोल तिथे ओंडक्यांचे पूल आणि तराफे बांधले जात. त्याआधीची, १९७१-७२ची ब्रिटिश मोहीम याबाबत अधिक स्पष्ट आहे. जॉन ब्लॅशफर्ड-स्नेल यांच्या नेतृत्वाखाली दोन रेंज रोव्हर अलास्कातून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत गेल्या. वाटेतल्या डारिएनच्या जंगलपट्ट्यात त्यांना सुमारे शंभर दिवस लागले, आणि तिथल्या खोल नद्या त्या गाड्यांनी हवा भरलेल्या तराफ्यावर चढून ओलांडल्या. खोल पाण्याचा सर्वाधिक अनुभव असलेल्यांनी खोल पाण्यात गाडी घालणे टाळले, हा या मोहिमांचा पुरावा आहे.

दुसरा आक्षेप आजच्या गाड्यांचा. सगळे सील उत्तम, ॲक्सलच्या श्वासनळ्या उंचावर नेलेल्या, डिझेल इंजिन, मग जुने भय कशाला धरायचे? पण गाड्या बनवणाऱ्यांचे स्वतःचे आकडेच पाहावेत. महिंद्रा थारची पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर दिली जाते. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा तर नळी बसवूनच विकली जाते. तिची मर्यादा ७०० मिलिमीटर. नळीचे तोंड छतापाशी आणि मर्यादा चाकाच्या उंचीच्या आसपास, या दोन उंचींतल्या अंतराचे कारण तरंगण्यात आहे. चार मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद गाडीचे दरवाजे-तळ पाणबंद असतील, तर तळाच्या वर चढणारे प्रत्येक दहा सेंटिमीटर पाणी ढोबळ हिशेबाने सातशे किलो भार उचलते. दोन टनांच्या गाडीचा तळ जमिनीपासून चाळीस सेंटिमीटरवर धरला, तर सत्तर सेंटिमीटरच्या आसपास टायरवरचा भार जवळजवळ संपतो. टायरवर भार नाही तर पकड नाही, आणि पकड नाही तर स्टिअरिंग, चार चाकांचा जोर, नळी, काहीच कामाचे नाही. गाडी जितकी चांगली सीलबंद तितकी ती लवकर उचलली जाते. युद्धातल्या जीपचा उघडा साचा आणि तळाची निचऱ्याची भोके याबाबतीत उपकारक होती. पाणी आत येई, पण चाके जमिनीवर राहत.

त्यात प्रवाह आला की हिशेब आणखी बिघडतो. ऑस्ट्रेलियाच्या काकाडूमध्ये ईस्ट ॲलिगेटर नदीवर काहिल्स क्रॉसिंग नावाचा एक उतार आहे. तळाला काँक्रीट, खोली दाखवणारे खांब, आजूबाजूला मगरी. तिथे गाळ नाही, खड्डे नाहीत, आणि तरी नळी लावलेल्या भारी गाड्या वाहून जातात, कारण भरती-ओहोटीबरोबर तिथले पाणी आडवे धावते. वजनाने हा धोका टळेल असे म्हणावे तर जून २०२४मध्ये लडाखमध्ये श्योक नदीत सरावादरम्यान टी-७२ रणगाडा अडकला आणि अचानक वाढलेल्या पाण्यात आपल्या पाच जवानांचा मृत्यू झाला. चाळीस टनांहून जड, पाण्याखालून जाण्यासाठीच नळी लावता येणारा रणगाडा आणि प्रशिक्षित सैनिक असूनही नदीची पातळी हातात नव्हती. आणि बंद गाडी माणसाला आत कसे धरून ठेवते, हे २६ जुलै २००५ला मुंबईने पाहिले आहे. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि अनेक जण गाडीतच गुदमरून गेले. मीटरभर रुंद दारावर बाहेरून साठ सेंटिमीटर पाणी टेकले की सुमारे १८० किलोंचा रेटा बसतो. बसलेल्या माणसाला ते दार आतून ढकलता येत नाही.

मग हा छंद सोडून द्यावा का? तसे माझे म्हणणे नाही. नळीचा एक चांगला उपयोग तर पाण्याशी संबंधित नाहीच; धुळीच्या वाटेवर पुढच्या गाडीच्या धुरळ्यातली हवा ओढण्याऐवजी वरची स्वच्छ हवा इंजिनाला मिळते. आणि मर्यादेतल्या पाण्यातून गाडी नीट नेणे हे शिकण्याजोगे कसब आहे. मागे सोडायला नको होती ती फक्त त्याची कार्यपद्धती. ओढा आधी काठी घेऊन पायी पार करून पाहायचा. ज्या पाण्यात माणूस उभा राहू शकत नाही तिथे गाडी घालायची नाही. पलीकडचा चढ कुठे आणि कसला आहे हे अलीकडेच ठरवायचे. ओढण्याचा दोर पाण्यात शिरण्यापूर्वी हुकात अडकवायचा, कारण बुडालेला हुक गढूळ पाण्यात सापडत नाही. लांब चालून आल्यावर ॲक्सल निवेपर्यंत काठावर थांबायचे. काचा खाली, पट्टे मोकळे, पहिला किंवा दुसरा गिअर, आणि मध्ये क्लच दाबायचा नाही. गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. प्लग किंवा इंजेक्टर काढून सिलिंडर रिकामे करायचे. बाहेर आल्यावर ब्रेक वाळेपर्यंत हलका पाय ठेवून चालायचे, आणि त्याच संध्याकाळी दोन्ही डिफरन्शिअलचे बोल्ट सैल करून आधी पाणी ठिबकते की ऑइल ते बघायचे.